रसायनांच्या स्टोअरची किल्ली कोणाकडे असावी?

तुमची अडचण थोडक्यात अशी. रसायनशास्त्र विभागाच्या स्टोअरचा चार्ज नुकताच तुमच्याकडे आला आहे. दाराला एकच कुलूप आहे आणि त्याच्या किल्ल्या किती, कोणाकडे, याची यादी कुठेच नाही. प्राध्यापकांना रात्री आणि सुट्टीतही सामान हवे असते. वर्षअखेरीच्या मोजणीत काही बाटल्या जुळल्या नाहीत. विभागप्रमुखांचे म्हणणे, बोटाचा ठसा घेणारे यंत्र बसवले की प्रश्न मिटेल. आणि तुम्ही विचारता, यंत्र कोणते घ्यावे?

यंत्राचे नंतर सांगते. मी सत्तावीस वर्षे विद्यापीठाचे केमिकल स्टोअर सांभाळते आहे. एवढ्या वर्षांत कुलूप फोडून कोणी आत शिरल्याचे माझ्याकडे एकदाही घडलेले नाही. जे सामान गेले ते किल्ली असलेल्या माणसाच्या हातून गेले, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत, प्रयोग अर्ध्यावर अडलाय, डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, शंभर मिलिलिटर कमी पडतेय आणि स्टोअर पाचलाच बंद झालेय. मग कोणाची तरी किल्ली मागायची, बाटली उचलायची, 'उद्या नोंद करतो' म्हणायचे, आणि उद्या ते डोक्यातून गेलेले असते. म्हणून आधी सामान देण्याच्या तुमच्या खिडकीची वेळ बघा. चिठ्ठी दिल्यापासून बाटली हातात पडायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून बघा. रीतसर मार्गाने दहा मिनिटांत काम होत असेल तर किल्ली मागायला सहसा कोणी येत नाही. दोन दिवस लागत असतील तर कितीही भारी कुलूप लावा, त्याची दुसरी किल्ली कुठे ना कुठे तयार होणारच. आमची खिडकी पूर्वी दुपारी तासभर बंद असे आणि चारनंतर इश्यू बंद. दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या, खिडकी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा सलग उघडी ठेवली, आणि किल्लीसाठीची भांडणे त्याच सत्रात थांबली. तेव्हा नवीन कुलूपही बसलेले नव्हते.

दुसरे काम तितकेच साधे. एक महिनाभर दारात वही ठेवा आणि कोण कशासाठी आले ते लिहा. मी लिहिले तेव्हा दिसले की येणाऱ्यांपैकी बहुतेकांना रसायन नकोच होते. कोणाला हातमोजे, कोणाला फिल्टर पेपर, कोणाला परीक्षानळ्या, पिपेटच्या टिप्स. या वस्तू रसायनांच्या खोलीत असण्याला सवयीपलीकडे काही कारण नव्हते. काचसामान आणि किरकोळ सामान शेजारच्या खोलीत हलवले तशी स्टोअरच्या दारातली वर्दळ एकदम उतरली. दारात गर्दी असली की मागून कोण आत सरकले हे कळत नाही, रिकाम्या दारात ते लगेच दिसते. हे हलवाहलवीचे काम चालू असतानाच आणखी एक बघा. स्पिल किट (सांडलेले रसायन आवरायचे साहित्य), हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या भाजण्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल, डोळे धुण्याची सोय यांतले काहीही कुलपाआड राहता कामा नये. ज्या वस्तूची गरज पहिल्या मिनिटाला लागते तिच्यासाठी किल्ली शोधत बसावे लागले तर ती असून नसल्यासारखी.

आता किल्ल्या. त्या गोळा करण्यात वेळ घालवू नका. परत आलेल्या किल्लीच्या किती नकला झाल्या हे तिच्यावर लिहिलेले नसते. कुलपाचा सिलिंडर बदला आणि असा घ्या की ज्याच्या कोऱ्या किल्ल्या बाजारात सहज मिळत नाहीत, नक्कल हवी तर नोंदवलेल्या सहीनेच बनते. प्रत्येक किल्लीवर नंबर कोरून घ्या, 'केमिकल स्टोअर' असे शब्द मात्र कोरू नका. माझ्या मते तीन किल्ल्या पुरतात. एक तुमच्याकडे, एक तुमच्या जागी काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे, आणि तिसरी विभागप्रमुखांच्या कपाटात, सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या. पाकीट फोडले गेले तर का फोडले हे दुसऱ्या दिवशी लिहायचे आणि नवे पाकीट करायचे. दारावर कडी-कोयंडा आणि लोंबते कुलूप असेल तर तेही काढून टाका. उघडे लोंबत राहिलेले कुलूप कोणी बदलून त्याच जातीचे दुसरे लावले तर तुम्हाला कळणारही नाही. त्याहून वाईट म्हणजे आत माणूस असताना बाहेरून कडी लागू शकते. सॉल्व्हंटच्या खोलीत अडकलेला माणूस ही कल्पनाही नको.

इमारतीच्या मास्टर किल्लीतून स्टोअर वगळा. यावर प्रशासन कुरकुरते, कारण पहारेकऱ्याला सगळी दारे उघडता आली पाहिजेत असा त्यांचा आग्रह असतो. मी एका ठिकाणी नोकरीला असताना रात्री पहारेकऱ्याला स्टोअरमधून उग्र वास आला. त्याने कर्तव्य म्हणून मास्टर किल्लीने दार उघडले आणि टॉर्च घेऊन आत गेला. तीव्र अमोनियाच्या बाटलीचे झाकण उन्हाळ्याच्या उकाड्यात उचलले गेले होते. तो कसाबसा बाहेर आला आणि जिन्यात बसून राहिला, सकाळी आम्हाला सापडला. किल्लीने त्याला आत जाऊ दिले, पण आत काय आहे हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. तेव्हापासून माझ्या दारावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी असतात: वास, धूर किंवा पाणी दिसल्यास आत जाऊ नका, या क्रमाने या दोन नंबरांवर फोन करा, कोणी येईपर्यंत माणसांना दूर ठेवा. अग्निशमन दलासाठी वेगळी सोय लागते. वरच्या तिन्हींखेरीज आणखी एक किल्ली आणि आतल्या कपाटांचा नकाशा, कोणत्या कोपऱ्यात ज्वलनशील, कुठे पाण्याशी पेट घेणारे धातू, कुठे गॅस सिलिंडर, हे सगळे मुख्य दाराजवळच्या बंद पेटीत ठेवा. पाणी कुठे मारायचे नाही हे त्यांना दार उघडण्यापूर्वी कळायला हवे.

यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कार्ड घ्या, बोटाचा ठसा नको. आपल्याकडे लोक हातमोजे घालून वावरतात. ठसा द्यायला हातमोजा काढला तर उघडे बोट त्याच काचेवर टेकते जिथे आधी कोणी मळक्या हाताने टेकवलेले असते. शिवाय सॉल्व्हंट आणि डिटर्जंटमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या बोटांची त्वचा इतकी झिजते की यंत्र त्यांना ओळखत नाही. मग 'ठसा लागत नाही' म्हणून दाराला लाकडी ठोकळा अडकवला जातो. आकड्यांचा कोड तर नकोच. कोड एकाला सांगितला की तो सगळ्यांचा होतो, आणि चार बटणे झिजून चकाकायला लागली की दहा हजार शक्यतांच्या जागी फक्त २४ उरतात. कार्ड हरवले तर मिनिटात बंद करता येते, कोण कधी आत गेले याची नोंद आपोआप राहते, आणि सगळ्यांत उपयोगाचे म्हणजे कार्ड देतानाच त्याची मुदत घालता येते. प्रत्येक कार्ड सत्राच्या शेवटच्या दिवशी आपोआप बंद झाले पाहिजे. नूतनीकरणासाठी माणूस तुमच्यापुढे येतो, तेव्हा त्याला अजून गरज आहे का हे विचारायची संधी मिळते.

बसवणाऱ्याला एक गोष्ट लेखी द्या. वीज गेली तर दार बाहेरून बंदच राहिले पाहिजे, आणि आतून मात्र वीज असो वा नसो, नुसता दांडा दाबून, किल्ली-कार्डाशिवाय उघडले पाहिजे. नुसते चुंबकावर धरलेले दार वीज जाताच सताड उघडते. तसे बसवलेले मी पाहिले आहे. कॅमेरा लावायचा तर एक दारावर आणि एक खिडकीवर, आणि त्याचे घड्याळ कार्डाच्या नोंदीशी दर महिन्याला जुळवून घ्या. दोन्हींत वीस मिनिटांचा फरक असेल तर चौकशीच्या दिवशी दोन्ही निरुपयोगी ठरतात.

खरा ताबा खिडकीवर असतो. पूर्ण दार उघडून 'ये, घे' म्हणण्यापेक्षा अर्धे दार करून घ्या: वरचा भाग उघडतो, खालचा बंद राहतो, मधे एक रुंद फळी. विद्यार्थी फळीच्या त्या बाजूला, बाटल्या या बाजूला, मधे तराजू. आत फक्त तुम्ही जाता. याचा आणखी एक फायदा आहे. विद्यार्थी स्वतः रॅकवरून बाटली घेतात तेव्हा परत ठेवताना ती कुठेही ठेवतात. नायट्रिक आम्ल आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल दोन्ही 'आम्लेच' म्हणून शेजारी येतात, आणि एक ऑक्सिडायझर, म्हणजे दुसऱ्याला जाळणारे, आहे, दुसरे जळते, हे बाटल्या फुटेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्याच बाटल्यांना सारखे नियम लावू नका, नाहीतर लोक सगळेच नियम टाळायला शिकतात. मीठ, सोडियम कार्बोनेट, कॉपर सल्फेट यांना चिठ्ठी आणि सही पुरते. सॉल्व्हंट आणि आम्लांना चिठ्ठी, मार्गदर्शकांची सही आणि एका वेळी किती न्यायचे याची मर्यादा. तिसऱ्या थरात विषे, स्फोटक होऊ शकणारे पदार्थ, हवेत पेटणारे पदार्थ, आणि ज्यांच्यावर आंतरराष्ट्रीय करारांची नजर आहे ते. या शेवटच्या गटात लोकांना न सुचणारी नावे असतात. सेंद्रिय प्रयोगशाळेत रोज लागणारे थायोनिल क्लोराइड आणि फॉस्फरस ट्रायक्लोराइड १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रास्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. ॲसेटिक अनहायड्राइड आणि पोटॅशियम परमँगनेट अमली पदार्थांविषयीच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या यादीत आहेत. पदवीच्या मुलांच्या टेबलावर परमँगनेट असतेच, ते तिथे असू द्या. फक्त पाच किलोचा डबा कोणाच्या सहीने गेला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

तिसऱ्या थराच्या कपाटाला दोन कुलपे, दोन माणसांकडे एकेक किल्ली. आणि इथे मोजमाप बाटल्यांत नको, ग्रॅममध्ये हवे. पोटॅशियम सायनाइडची बाटली देताना मी झाकणासकट, पण वरची पॅराफिल्म, म्हणजे झाकणाभोवती ताणून लावायची मेणासारखी पट्टी, काढून, तराजूवर ठेवते. पॅराफिल्मचा तुकडा प्रत्येक वेळी वेगळ्या वजनाचा असतो आणि तेवढ्यानेच हिशेब ढळतो. रजिस्टरात मागच्या परतीचे वजन ६१२.४ ग्रॅम असेल तर आज तराजूनेही तेवढेच दाखवले पाहिजे. विद्यार्थी आणि मी दोघेही आकडा वाचतो, मोठ्याने, आणि दोघांच्या सह्या होतात. चिठ्ठीवर पाच ग्रॅम लिहिलेले. खिडकी बंद व्हायच्या आत बाटली परत येते, ६०७.३ भरते. ५.१ ग्रॅम गेले. त्याच्या प्रयोगाच्या वहीत ५.०६ लिहिलेले आहे, तेही मी बघते. जुळले, रेघ ओढली. या सगळ्याला चार मिनिटे लागतात. खोडाखोड करायची नाही. चुकले तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि आद्याक्षरे. वजनाची ही पद्धत सगळ्यांना लावता येत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतले पाणी शोषून जड होते, क्लोरोफॉर्म झाकणातून उडून हलके होते. अशा बाटल्यांना किती फरक चालेल ते आधीच ठरवून रजिस्टराच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे प्रत्येक वेळी वाद नको.

घट्ट बंद कपाटाचा एक उलटा धोका आहे. कपाट जितके कमी उघडले जाते तितके आतले विसरले जाते. पिक्रिक आम्ल वजनाच्या किमान तीस टक्के पाण्याने भिजवलेले विकतात. वर्षानुवर्षे ते तसेच पडून राहिले की पाणी उडते, आणि सुके पिक्रिक आम्ल धक्क्याने, घर्षणाने फुटू शकते. झाकणाच्या आट्यांत अडकलेले कण झाकण फिरवण्यानेही फुटू शकतात. ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटांमध्ये हवेमुळे स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, डायआयसोप्रोपिल ईथरमध्ये तर फार लवकर. तुम्ही नुकताच चार्ज घेतला आहे म्हणून मुद्दाम सांगते: जुन्या कपाटात ईथरच्या बाटलीत स्फटिक दिसले, किंवा पिक्रिक आम्लाची बाटली कोरडी दिसली, तर हात लावू नका, झाकण फिरवू नका, उचलून खिडकीपाशी नेऊन बघू नका. खोली बंद करा, लोकांना बाहेर काढा आणि स्फोटके हाताळणाऱ्यांना बोलवा. मला चार्ज मिळाला तेव्हा कपाटाच्या मागच्या रांगेत अशी एक बाटली होती, तिच्यावरचे लेबल वाचता येत नव्हते इतके पिवळे झाले होते, आणि माझ्या आधीच्या माणसाच्या यादीत ती नव्हतीच. म्हणून बंद कपाट महिन्यातून एकदा दोघांनी मिळून उघडायचे, प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का बघायचे, आणि ईथरसारख्या बाटल्या मुदतीत तपासायच्या किंवा काढून टाकायच्या. हा माझ्या कॅलेंडरातला ठरलेला दिवस असतो, तो मी कोणत्याही बैठकीसाठी हलवत नाही.

बाटली देण्यापूर्वी आणखी एक बघायचे असते: घेणाऱ्याला ती वापरता येते का. २९ डिसेंबर २००८ रोजी, सुट्टीच्या दिवसांत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक टर्ट-ब्युटिललिथियम सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव हवेत येताच पेटला, अंगात लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. तिला या कामाचे प्रशिक्षण दिल्याची लेखी नोंद विद्यापीठाकडे नव्हती. मी ही हकिकत वाचली तेव्हा तिच्या वयाची मुले रोज माझ्या खिडकीशी येत होती, आणि मी त्यांना फक्त सही विचारत होते. आता खिडकीच्या आतल्या बाजूला नावांची यादी असते. हवेत पेटणारे पदार्थ, हायड्रोफ्लोरिक आम्ल, सायनाइड, परक्लोरिक आम्ल यांसाठी ज्याच्या नावापुढे 'मी याला हे काम करताना स्वतः पाहिले आहे' अशी मार्गदर्शकांची सही आणि तारीख आहे, त्यालाच बाटली मिळते. मित्रासाठी बाटली नेता येत नाही.

रात्रीच्या कामाचा प्रश्न प्राध्यापकांचा खरा आहे, तो झटकून टाकू नका. आम्ही स्टोअरबाहेर, हवा खेळती असलेल्या जागी, ज्वलनशील पदार्थांसाठीचे धातूचे कपाट ठेवले आहे, आत प्रत्येक प्रयोगशाळेचा वेगळा कुलूपबंद कप्पा. दुपारी चारच्या आत चिठ्ठी आली की रात्रीला लागणारे सॉल्व्हंट त्या कप्प्यात जाते आणि किल्ली त्या प्रयोगशाळेकडे. तिसऱ्या थरातले काहीही त्यात ठेवत नाही. विषारी आणि हवेत पेटणाऱ्या पदार्थांचे काम माणसे आजूबाजूला असतानाच व्हावे, हे मी विभागप्रमुखांकडून लेखी घेतले आहे. त्यातूनही खरेच अडले तर फोनची यादी आहे, दोघे जण आळीपाळीने. वर्षात चार-पाच वेळाच फोन येतो.

द्रव नायट्रोजन आणि गॅस सिलिंडरांचे वेगळे प्रकरण आहे, इथे एवढेच सांगते की एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, आणि बंद जागेत त्यात माणूस गुदमरतो. तो खिडक्या नसलेल्या बंद स्टोअरमध्ये ठेवू नका, आणि लिफ्टमधून नेताना सोबत माणूस चढू देऊ नका.

आता दाराच्या पलीकडची वाट. स्टोअर कितीही पक्के केले तरी रसायन थेट प्रयोगशाळेत मागवता येत असेल तर सगळे व्यर्थ. २०१३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एका संशोधकाने विद्यापीठाच्या क्रेडिट कार्डावर सायनाइड मागवले, दुसऱ्या दिवशी पोहोचेल अशा घाईने. काही दिवसांत त्याच्या डॉक्टर पत्नीचा सायनाइडने मृत्यू झाला आणि २०१४ मध्ये तो खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. नियम साधा ठेवा: पैसे कोणत्याही प्रकल्पाचे असोत, रसायनाचे पार्सल स्टोअरमध्येच उतरेल, तिथेच त्याला नंबर चिकटेल, तिथूनच ते सही देऊन जाईल. लेखा विभागाला सांगा की स्टोअरच्या नंबराशिवाय रसायनाचे बिल मंजूर करू नये. हा एक आदेश दहा कॅमेऱ्यांहून जास्त काम करतो. आणि कुरियरवाला व्हरांड्यात खोका ठेवून निघून जाणार नाही, माणसाच्या हातातच देईल, हे त्याच्या कंपनीकडून कबूल करून घ्या.

उरलेल्या बाटल्यांची वाट याहून अवघड. त्याच २०१३ साली शांघायच्या फुदान विद्यापीठात वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत उरलेले एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन हे विषारी रसायन वसतिगृहाच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्यात मिसळले, आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा त्यात मृत्यू झाला. प्रयोग केव्हाच संपला होता, बाटली तशीच राहिली होती. आमच्याकडे विद्यापीठ सोडणाऱ्याच्या नो ड्यूजवर स्टोअरची सही लागते आणि ती मी रजिस्टर बघून देत नाही. विद्यार्थ्याबरोबर त्याच्या टेबलापाशी जाते, खालचे कपाट, फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारे कपाट), फ्रिज उघडायला लावते, त्याच्या नावावरच्या एकेका बाटलीवर बोट ठेवून बघते. लेबल नसलेली बाटली त्याने जायच्या आधी ओळखून द्यायची असते. तो गेल्यावर ती ओळखणारा कोणी उरत नाही, आणि अनोळखी बाटलीची विल्हेवाट लावणे किती जिकिरीचे असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. फ्रिज बघताना एक बघाच: साध्या घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवलेले नाही ना. ईथर उणे ४५ अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि त्या फ्रिजचा थर्मोस्टॅट आत ठिणगी पाडतो.

मोजणी वर्षातून एकदा करू नका. मार्चमधली चूक फेब्रुवारीत सापडली तर कोणाला विचारणार? तीन हजार बाटल्या असतील तर रोज पंधरा मोजा, कामाच्या दोनशे दिवसांत फेरी पूर्ण होते. दोन्ही बाजूंनी मोजा: काही दिवस रजिस्टरातली नोंद घेऊन रॅकवर बाटली शोधा, काही दिवस रॅकवरची बाटली घेऊन रजिस्टरात तिची नोंद शोधा. पहिल्या पद्धतीत गेलेली बाटली सापडते, दुसरीत चिठ्ठीशिवाय आलेली. आणि कोणत्या पंधरा हे आदल्या दिवशी कोणालाही, स्वतःच्या सहकाऱ्यालाही, सांगू नका.

यात सगळ्यांत अवघड जाते ते ज्येष्ठ प्राध्यापकांना नाही म्हणणे. ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांच्यापुढे उभे राहून किल्ली नाकारणे स्टोअरकीपरच्या पगारात बसत नाही. म्हणून नियम तुमच्या नावाने काढू नका. विभागाच्या सभेत मांडा, विभागप्रमुखांची सही घ्या, आणि पहिली किल्ली त्यांनाच परत करायला सांगा. माझ्याकडे एक वयोवृद्ध सर दर आठवड्याला येत आणि म्हणत, "अहो, मी चाळीस वर्षे या खोलीत वावरलोय." मी म्हणे, "सर, तुम्ही बसा, काय हवे ते सांगा, मी दोन मिनिटांत काढून देते." आणि खरेच दोन मिनिटांत देत असे. चिठ्ठी मी भरायची, सही ते करायचे. सहा महिन्यांनी तेच आपल्या विद्यार्थ्यांना खिडकीशी पाठवू लागले, चिठ्ठी नीट भरलेली आहे ना हे स्वतः तपासून.

राहिला तुमचा मोजणीत न जुळलेल्या बाटल्यांचा प्रश्न. त्यांची यादी तीन थरांत विभागा. पहिल्या थरातल्या बाटल्या शोधण्यात महिना घालवू नका. तारीख टाकून, दोन सह्यांनी रजिस्टर प्रत्यक्ष मोजणीशी जुळवून घ्या आणि पुढे चला. तिसऱ्या थरातली एकही बाटली न जुळलेली असेल तर त्याच दिवशी विभागप्रमुखांना आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवा, 'कदाचित सापडेल' म्हणून एक दिवसही थांबू नका. शोध शेवटच्या सहीपासून सुरू करा. त्या माणसाला एकट्याला भेटा, सगळ्यांसमोर विचारू नका. काही वर्षांपूर्वी सोडियम अझाइड या विषाची एक बाटली माझ्या हिशेबात कमी आली होती. तीन दिवस सगळे विभाग पालथे घातले. चौथ्या दिवशी खिडकी बंद करताना पहिल्या वर्षाची एक मुलगी आली, ओढणीत गुंडाळलेली बाटली फळीवर ठेवली आणि रडायला लागली. सही न करता नेली होती, चौकशी सुरू झाल्यावर परत आणायची भीती वाटली, म्हणून वसतिगृहाच्या कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. मी बाटली तराजूवर ठेवली, वजन लिहिले, तिची सही घेतली, आणि तिच्या मार्गदर्शकांना सांगितले की तिला शिक्षा झाली तर यापुढे मला कोणी काही परत आणून देणार नाही. त्या आठवड्यात खिडकीवर एक पाटी लावली: चुकून गेलेली बाटली परत आणणाऱ्याला किंवा हरवल्याचे सांगणाऱ्याला कोणतीही शिक्षा नाही, खाली विभागप्रमुखांची सही. तुमचा नवा सिलिंडर बसेल त्याच दिवशी ही पाटीही लावा, आणि खिडकीशेजारी एक रिकामा ट्रे ठेवा. पहिल्या पंधरवड्यात त्यात काय काय येते ते बघा, तुमची न जुळलेली यादी त्यातच बरीच कमी होईल.